तळथर, मत्स्यालयातील : कोरिडोरस माशांसाठी

मत्स्यालयाच्या तळाशी पसरलेला वाळू, खडी किंवा मातीचा थर. वरच्या पाण्यात वावरणाऱ्या माशांना तो कसाही असला तरी फारसे बिघडत नाही. तळाशी चरणारे मार्जारमीन (कॅटफिश) मात्र खातात तिथेच, विसावतात तिथेच. प्रस्तुत नोंद मुख्यतः कोरिडोरस गटाविषयी आहे. आपल्याकडील दुकानांत ‘कोरी’ नावाने मिळतात ते हे मासे.

कोरिडोरस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ मध्ये स्थापन केली. हे मासे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पूर्वेस, त्रिनिदादपासून ला प्लाता नदीच्या खोऱ्यापर्यंत आढळतात. ठिपकेदार कोरीचे वर्णन जेनिन्स यांनी १८४२ मध्ये केले. त्याचे नमुने चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केले होते. ब्राँझ कोरीचे वर्णन गिल यांनी १८५८ मध्ये त्रिनिदादच्या नमुन्यांवरून केले. २०२४ मधील पुनर्रचनेत कोरी ज्यात मोडतात त्या उपकुलाच्या सात प्रजाती मानल्या गेल्या. त्यानुसार ब्राँझ कोरी ऑस्टिओगॅस्टर प्रजातीत, तर ठिपकेदार आणि पांडा कोरी हॉप्लिसोमा प्रजातीत गेले. लांब मुस्कटाच्या जाती तेवढ्या मूळ कोरिडोरस प्रजातीत उरल्या. ही फेररचना ग्राह्य मानण्याकडे कल वाढत असला, तरी व्यापारात आणि छंदिष्टांत जुनीच नावे चालतात; येथेही तीच वापरली आहेत.

कोरीचे तोंड लहान आणि खालच्या बाजूस असून त्याभोवतीच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या ग्रंथी असतात. चरताना मासा मुस्कट, पुष्कळदा डोळ्यांपर्यंत, वाळूत खुपसतो आणि तोंडभर वाळू घेतो. त्यातील अळ्या, कृमी आणि अन्नकण राहतात. वाळू कल्ल्यांच्या फटींतून दोन्ही बाजूंनी बारीक धारेने बाहेर पडते. टाकीच्या काचेशी डोळा लावून पाहिल्यास ही धार स्पष्ट दिसते. खडीवर ठेवलेल्या माशाला हे करताच येत नाही. तो खड्यांवरून मिशा फिरवतो, फटीत पडलेला दाणा दिसूनही हाती लागत नाही, आणि काही वेळाने तो निघून जातो.

मिशा झिजण्याचे कारण काय, यावर मोठा वाद आहे. जुन्या मतानुसार धारदार खडीवर घासून मिशा तुटतात. दुसऱ्या मतानुसार मूळ कारण घाण: खड्यांच्या फटींत अन्न आणि विष्ठा कुजते, तेथे जिवाणू वाढतात आणि नेमके तेथेच मासा तोंड घालतो. या मताच्या बाजूने दोन निरीक्षणे महत्त्वाची आहेत. नियमित पाणी बदललेल्या स्वच्छ टाकीत खडीवरही कोरींच्या मिशा शाबूत राहिलेल्या दिसतात, आणि दुर्लक्षित टाकीत मऊ वाळूवरही त्या गळतात. शिवाय निसर्गात हे मासे केवळ वाळूवर राहत नाहीत. पालापाचोळा, चिखल आणि गोट्यांचे तळही त्यांना चालतात. ही निरीक्षणे पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते. मात्र दोन्ही कारणे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, कारण खरचटलेल्या जागीच जिवाणूंचा शिरकाव सोपा होतो. मुळाशी इजा नसेल तर पाणी सुधारल्यावर मिशा पुन्हा वाढतात. म्हणून वाळूचा आग्रह धरायचा तो मिशांपेक्षा चरण्यासाठी: ज्या माशाचे शरीर वाळू गाळण्यासाठी घडले आहे, त्याला ती न देणे म्हणजे त्याचा दिवसभराचा उद्योग काढून घेणे होय.

भूशास्त्रातील वेंटवर्थ मापश्रेणीत ०.०६२५ ते २ मिमी व्यासाचे कण वाळू ठरतात. कोरींसाठी साधारण ०.३ ते ०.८ मिमीची, गोलसर कणांची वाळू सोयीची. याहून बारीक वाळू घट्ट बसते आणि पाणी गढूळ करते. १ मिमीच्या पुढे लहान जातींना गाळणे जड जाते. आकारमानापेक्षा कडा महत्त्वाच्या. चिमूटभर ओली वाळू तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून चोळावी. टोचली तर ती नको. महाराष्ट्रात बांधकामासाठी सर्रास मिळणारी क्रश सँड बेसाल्ट फोडून केलेली असल्याने टोकदार असते, ती टाळावी. पाणी गाळण्याच्या टाक्यांसाठी चाळून विकली जाणारी सिलिका वाळू चांगली. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. त्यातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पाण्याची कठीणता आणि सामू वाढवते. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला तर ती वाळू या माशांसाठी बाद समजावी. रत्नागिरीकडील काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात. लोहचुंबकाला चिकटणारे कण असल्यास ते फिल्टरच्या मोटरीत अडकतात. रंग दिलेली खडी आकर्षक दिसते, पण तिचा लेप कालांतराने सुटतो.

थर २ ते ४ सेंमी पुरे. ६० × ३० सेंमी तळाच्या टाकीत ३ सेंमी थरासाठी सुमारे ५.४ लिटर, म्हणजे अंदाजे ८ किलो वाळू लागते. बादलीत घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत ती धुवावी. जाड थरात प्राणवायूविरहित कप्पे तयार होऊन हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो, असा इशारा बहुतेक जुन्या पुस्तिकांत आढळतो. प्राणवायूयुक्त पाण्यात हा वायू लवकर ऑक्सिडीकृत होत असल्याने धोका वाढवून सांगितला जातो, असे अलीकडे मानले जाते. पातळ थरात, कोरी स्वतः वाळू उकरत असताना, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पाण्यातील लांबट शंखाची मेलॅनॉइड्स गोगलगायही थर हलवत राहते.

खडीची प्रथा रुळण्यामागे तळाखालच्या फिल्टरचा, म्हणजे खडीखाली जाळी ठेवून खडीतून पाणी ओढणाऱ्या फिल्टरचा, मोठा वाटा असावा. साधारणतः १९५० नंतर लोकप्रिय झालेल्या या जाळीवर बारीक वाळू चालत नाही. ती फटींतून खाली उतरते किंवा प्रवाह तुंबवते. भारतात असे फिल्टर अजून वापरात आहेत, त्यामुळे वाळू घालण्यापूर्वी जाळी काढून स्पंज किंवा बाहेरचा फिल्टर बसवावा लागतो.

वनस्पतींसाठीची भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची माती कोरींना अपायकारक नाही, मात्र ती गाळता येत नाही. टाकीच्या पुढील भागात वाळूचा पट्टा सोडून हा पेच सोडवतात.

सकर मासे काचेला आणि लाकडाला चिकटून चरतात, त्यांना तळथर दुय्यम. बँजो मार्जारमीन दिवसा वाळूत किंवा पाचोळ्यात गाडून घेतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील चाका चाका हा चपट्या डोक्याचा मासा तळाशी निश्चल पडून भक्ष्याची वाट पाहतो. त्याला मऊ वाळू आणि वर पाचोळा द्यावा.