सर्बियन साहित्याचे कालखंड: भाषासुधारणा आणि स्वच्छंदतावाद

सर्बियन साहित्याच्या बहुतेक छोट्या परिचयांत १८४७ हे वर्ष येते आणि त्या वर्षी वुक कराजिच यांची भाषासुधारणा जिंकली, म्हणजेच स्वच्छंदतावाद सुरू झाला, असे एका दमात सांगितले जाते. माझा आक्षेप या ‘म्हणजेच’ला आहे.

स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम) म्हणजे नियमांपेक्षा भावना, कल्पनाशक्ती आणि लोकपरंपरा यांना महत्त्व देणारी साहित्यदृष्टी; तो अभिरुचीचा, म्हणजे काय आणि कसे लिहायचे याचा प्रश्न. भाषासुधारणा हा लेखनभाषा कोणती आणि ती कोणत्या अक्षरांनी लिहायची, याचा वाद होता. चर्चच्या भाषेची छाप असलेल्या मिश्र ग्रांथिक भाषेऐवजी वुक यांनी लोकांची बोली घेतली, १८१४ मध्ये तिचे व्याकरण आणि १८१८ मध्ये व्हिएन्नात शब्दकोश काढला, आणि एका ध्वनीला एकच अक्षर ठेवून शब्दाच्या शेवटी येणारे मुके अक्षर काढून टाकले.

१८४७ मध्ये वुक यांचा नव्या कराराचा अनुवाद, जुरा दानिचिच यांचा भाषा व लेखनपद्धतीवरचा वादग्रंथ, ब्रांको रादिचेविच यांच्या कविता आणि न्येगोश यांचे ‘गोर्स्की वियेनात्स’ प्रसिद्ध झाले. त्यांतला वादग्रंथ भाषाशास्त्राचा आहे, त्यात स्वच्छंदतावाद शोधूनही सापडणार नाही. उलट न्येगोश यांचे काव्य लोकगीतांच्या दहा अक्षरी छंदात असून स्वच्छंदतावादाचे शिखर मानले जाते. तरी त्याच्या पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ पाहावे, तिथे शीर्षकाच्या शेवटी वुक यांनी हद्दपार केलेले तेच मुके अक्षर उभे आहे. एकाच वर्षाच्या पुस्तकांत लेखनपद्धती आणि अभिरुची अशा वेगवेगळ्या वाटांनी जातात.

पुढचा काळ तर आणखी बोलका आहे. अभिजाततावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन आदर्श आणि संयम मानणाऱ्या, वळणाच्या योवान स्तेरिया पोपोविच यांचा चिंतनपर कवितासंग्रह १८५४ मध्ये निघाला, म्हणजे जुनी अभिरुची त्या ‘विजया’नंतरही जिवंत होती. सर्बियाच्या राज्यात वुक यांच्या लेखनपद्धतीवरचे उरलेसुरले निर्बंध उठले ते १८६८ मध्ये, वुक यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आणि त्याच १८६८ मध्ये समीक्षक स्वेतोझार मार्कोविच यांनी स्वच्छंदतावादी कवितेवर कठोर टीका करून वास्तववादाची वाट मोकळी केली. सुधारणेचा विजय हाच स्वच्छंदतावादाचा आरंभ मानायचा, तर तो आरंभ आणि त्याच्यावरचा हल्ला एकाच वर्षी येतो.

त्याआधीच्या काळात बरोक (अलंकारप्रचुर शैली) कुठे संपतो आणि प्रबोधन (विवेकवादी विचार) कुठे सुरू होते, हा अभ्यासकांचा वाद मला त्या मानाने किरकोळ वाटतो. अभ्यासकांनी भाषेच्या आणि अभिरुचीच्या दोन स्वतंत्र कालरेषा आखाव्यात, आणि १८४७ हे वर्ष दोन्हींवर वेगवेगळ्या कारणाने नोंदवावे.