दाताच्या मुळाशी फुगणारी पिशवी

लहानपणी सायकलवरून पडून समोरच्या दाताला मार बसतो. दोन दिवसांत दुखणं थांबतं, दात काळपट पडतो आणि घरचे विसरून जातात. कितीतरी वर्षांनी वरच्या ओठाच्या आत टेंगूळ लागतं. बोटानं दाबलं की पातळ झालेलं हाड अंड्याच्या कवचासारखं चुरचुरतं.

दाताची नस मेली की मुळाच्या टोकाशी सूज रेंगाळते. दात घडताना उरलेल्या पेशींचे पुंजके तिथेच निजलेले असतात. सूज त्यांना जागं करते आणि त्यांची पिशवी बनते, म्हणजेच सिस्ट. आत मेलेल्या पेशी साचून द्रव दाट होतो, तो बाहेरचं पाणी ओढून घेतो. मनुका भिजत घातल्यावर फुगतात, तसंच. उघडल्यावर पिवळसर पाणी निघतं आणि त्यात बरेचदा कोलेस्टेरॉलचे कण अभ्रकासारखे चमकतात. जंतुसंसर्ग होईपर्यंत दुखत मात्र नाही, हीच मोठी पंचाईत. वरच्या जबड्याशेजारी सायनसची पोकळी, त्यामुळे सिस्टला पसरायला जागाही भरपूर.

१८९२ साली ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शल्यचिकित्सक कार्ल पार्त्श यांनी साधीच युक्ती मांडली: पिशवी काढू नका, तिला तोंडात उघडणारी खिडकी करा. आतला दाब गेला की पोकळी आक्रसते, हाड भरत येतं. पण रुग्णाला महिनोन्‌महिने ती धूत बसावं लागतं, शिवाय पिशवीचं अस्तर आतच राहतं.

म्हणून आज शक्य तिथे अख्खी पिशवीच काढतात. भूल देऊन हिरडी उचलायची, हाडाला वाट करायची आणि अस्तर हलक्या हातानं सोलत आणायचं. भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसं. फाटलं, तर तुकडा मागे राहण्याची भीती. दात वाचवायचा असेल तर रूट कॅनल करून मुळाचं टोक कापतात. सिस्ट फारच मोठी असेल तर पार्त्श पुन्हा उपयोगी पडतात: आधी खिडकी, आकार घटल्यावर शस्त्रक्रिया.

काढलेलं अस्तर फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला जातं, आणि हे टाळू नये. केराटोसिस्ट नावाची वेगळीच सिस्ट एक्स-रेत अगदी अशीच दिसू शकते, पण ती पुन्हा पुन्हा उगवणारी.

शस्त्रक्रियेत सायनसचा पडदा उघडा पडला असेल तर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच, तर तोंड उघडं ठेवून द्यायची.