नाव डेन्मार्कचं, खिळा ट्युनिशियात

भूशास्त्रात 'डेनियन' नावाचा एक टप्पा आहे. डायनासोर संपल्यानंतरचा हा अगदी पहिला टप्पा. नाव डेन्मार्कवरून आलं, कारण १८४७ मध्ये भूशास्त्रज्ञ देसोर यांनी तिथल्या चुनखडकांना ते दिलं. पण डेनियन नेमका कुठून सुरू झाला, ते मात्र ट्युनिशियातल्या एल केफ गावाजवळ ठरतं.

एकोणिसाव्या शतकात ज्या गावचे खडक आधी अभ्यासले, त्या गावाचं नाव त्या काळाला मिळालं. डेनियनच्या आधीचा मास्ट्रिख्टियन असाच नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराचा. पुढे अडचण आली. एका देशातला थर दुसऱ्या देशातल्या थराशी जुळवायचा कसा? कुठे मधलाच गाळ धुऊन गेलेला, कुठे जीवाश्म वेगळे. म्हणून ठरलं, की प्रत्येक टप्प्याचा फक्त पाया ठरवायचा. जगातल्या एकाच जागी, एकाच थराच्या तळाशी. त्या बिंदूला 'सोनेरी खिळा' म्हणतात. वरची सीमा वेगळी ठरवावी लागत नाही, पुढच्या टप्प्याचा पाया तीच. मला ही युक्ती फार आवडते, कारण त्यामुळे दोन टप्प्यांत ना फट राहते, ना वाद. पहिला खिळा १९७२ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक इथे ठरला.

खिळ्यासाठी जागा मिळणं सोपं नसतं. गाळ सलग साचलेला हवा, जीवाश्म भरपूर हवेत आणि सीमेची खूण दूरदेशीही ओळखता यायला हवी. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर सीमेची चिकणमाती जेमतेम काही सेंटिमीटर आहे. एल केफला ती कितीतरी जाड. तिच्या तळाशी गंजाच्या रंगाची पातळ रेघ आहे, तिच्यात त्या वेळी आदळलेल्या लघुग्रहाने आणलेला इरिडियम हा धातू सापडतो. तिच्या खालच्या थरांत दिसणारे तरंगते फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रातले सूक्ष्म कवचधारी जीव, तिच्या वर बहुतेक नाहीसे होतात. १९९१ मध्ये तिथे शिक्कामोर्तब झालं. असा निर्णय मतदानाने होतो, तज्ज्ञांच्या समितीत ६० टक्के मतं लागतात.

मेघालयन टप्प्याचं नाव आणि खूण मात्र एकाच ठिकाणची. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची नोंद आहे. २०१८ मध्ये ती मान्य झाली.

मग आपला सह्याद्री? आपले काळवत्रीचे बहुतेक थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे याच सीमेच्या आगेमागे साचलेले. ती सीमा या थरांतून जाते, पण कातळावर बोट ठेवून दाखवता येत नाही. थिजलेल्या लाव्हात समुद्री कवचं कुठून असणार? ती सापडली आंध्रात, राजमहेंद्रीजवळ. तिथे याच लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ अडकला आहे आणि त्यात डेनियनच्या सुरुवातीचे फोरॅमिनिफेरा आहेत. त्यांच्यामुळेच कळतं, की खालचा लाव्हा डेनियनची ही कवचं साचण्याआधीचा आणि वरचा नंतरचा.