भेदरे : कच्चे आणि शिजवलेले

भेदरे म्हणजे टोमॅटो. वऱ्हाडातली जुनी माणसे आजही हाच शब्द वापरतात. नागपूर-भंडाऱ्याकडे ‘टमाटर’ जास्त ऐकू येतो. फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. विदर्भाच्या खेड्यांत ते भाकरीसोबत नुसते चिरून, चुलीच्या निखाऱ्यावर भाजून आणि फोडणीत परतून अशा सगळ्या तऱ्हांनी खातात. कच्चे चांगले की शिजवलेले, याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यातली दोन महत्त्वाची द्रव्ये आचेपुढे उलटसुलट वागतात. क जीवनसत्त्व उष्णतेने घटते; लायकोपीन, म्हणजे भेदऱ्याला लाल करणारे रंगद्रव्य, शिजवल्यावर जास्त अंगी लागते.

कच्च्या भेदऱ्यात सुमारे 94 ते 95 टक्के पाणीच असते. 100 ग्रॅममागे जेमतेम 18 किलोकॅलरी ऊर्जा, साधारण 14 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 240 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू आणि आवळा त्याच्या कितीतरी पुढे आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण आवळा रोज ताटात नसतो, भेदरे असते. चिरून ठेवले की हवेने आणि तापवले की आचेने हे जीवनसत्त्व कमी होते, म्हणून कच्चे खायचे ते जेवायला बसतानाच चिरावे.

कच्च्या फोडीचा मोठा उपयोग मात्र लोहासाठी आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षे वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण यांत लोह असते, पण धान्य-डाळींतले फायटेट नावाचे द्रव्य ते धरून ठेवते आणि ते आतड्यात पुरते शोषले जात नाही. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले तर हे शोषण वाढते. म्हणून चार फोडी जेवणासोबतच हव्यात. दुपारी वेगळ्या खाल्ल्या तर भाकरीतल्या लोहाला त्यांचा उपयोग नाही. जेवण झाल्याबरोबर घेतलेला चहा याच्या नेमके उलट करतो, त्यातले टॅनिन लोह अडवते. निंदणीला निघालेल्या बाईच्या फडक्यात भाकर, मिरची आणि एक अख्खे भेदरे असले तर ती शिदोरी या दृष्टीने चांगलीच म्हणायची.

शिजवण्याची बाजू लायकोपीनची. हे द्रव्य पेशींच्या आत घट्ट बसलेले असते आणि सालीत त्याचे प्रमाण गरापेक्षा जास्त असते. आचेने पेशींच्या भिंती फुटतात, द्रव्य मोकळे होते, त्याच्या रेणूची ठेवणही काही अंशी बदलते आणि बदललेले रूप शरीर अधिक सहज घेते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या 2002 सालच्या प्रयोगात भेदरी 88 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवली, तेव्हा क जीवनसत्त्व सुमारे 29 टक्क्यांनी घटले, पण मिळणारे लायकोपीन अडीच पटींहून अधिक झाले.

लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कढईत तेल तापवून त्यात लसूण-मिरची आणि बारीक चिरलेली भेदरी टाकली की आधी पाणी सुटते, मग ते आटते, गर तळाला धरू लागतो आणि कडेने तेल वर येते. ते तेल लाल असते. मिरची हिरवी असली तरी लाल असते, कारण तो रंग भेदऱ्याचाच. ‘तेल सुटेपर्यंत परत’ असे सासू सुनेला सांगते ते चवीसाठी, पण लायकोपीन तेलात उतरल्याची खूणही तीच. त्यासाठी तेलाचा पूर नको, दोन चमचे पुरतात. कच्च्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट घालायची पद्धत याच कारणाने शहाणपणाची आहे: शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास स्निग्धांश असतो, त्यामुळे कच्च्या फोडींतलेही थोडे लायकोपीन पदरात पडते.

निखाऱ्यावर भाजलेल्या भेदऱ्याची चटणी या दोहोंच्या मधली. साल तडकते, रस निखाऱ्यावर पडून चरचरतो. करपलेला तेवढा पापुद्रा काढावा, सगळी साल टाकू नये. लसूण, मिरची, मीठ, सांभार (विदर्भात कोथिंबिरीला हेच नाव) घालून रगडायचे आणि वरून कच्चे तेल सोडायचे. आच थोडाच वेळ लागल्याने क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी टिकते.

ऋतूचाही फरक पडतो. तापमान 30 अंशांच्या वर राहू लागले की फळात लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळसर-नारिंगी कॅरोटीन तेवढे राहते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे त्या दिवसांत झाडावर पिकलेली भेदरी फिकट नारिंगी दिसतात. हिवाळ्यात आठवडी बाजारात येणारे लालभडक, स्वस्त भेदरे लायकोपीनसाठी सरस. हिरव्या भेदऱ्यात लायकोपीन जवळजवळ नसते आणि टोमॅटिन हे कडवट द्रव्य असते. भाजी-चटणीपुरते ते चालते, पाने-देठ मात्र खाऊ नयेत.

भेदऱ्याने कर्करोग टळतो असे छातीठोकपणे सांगितले जाते. त्याला पक्का आधार नाही: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा लायकोपीनसाठी विश्वासार्ह पुरावा आढळला नाही आणि भेदऱ्यासाठी अगदी मर्यादित आढळला. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले असेल तर कच्चे-शिजवलेले दोन्ही जपून खावे. आम्लपित्ताच्या माणसाला आंबटपणाने जळजळ होऊ शकते. कच्चे खाताना, विशेषतः पावसाळ्यात, स्वच्छ पाण्याने चोळून धुणे सोडू नये.

भांड्याचाही विचार हवा. लोखंडी कढईत भेदऱ्याची भाजी थोडी काळपट होते, पण आंबटपणामुळे भांड्यातले लोह अन्नात उतरते आणि रक्तक्षय असलेल्या घरात ते हवेच असते. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात मात्र भेदरे कधीच शिजवू नये. त्यात तांबे उतरते आणि अन्न कळकते.