बटणाच्या पोटातला घुमट

जानेवारी २०२४ मध्ये आयफोनसाठी 'क्लिक्स' नावाचे एक आवरण जाहीर झाले. ते चढवले की फोनच्या खालच्या टोकाला खऱ्याखुऱ्या, दाबल्यावर खाली जाणाऱ्या बारीक कळांचा फलक जोडला जातो आणि फोन जवळजवळ वीतभर लांब होतो. त्यानंतर २०२५ मध्ये 'युनिहर्ट्झ' या चिनी कंपनीने 'टायटन २' हा चौकोनी पडद्याचा, कळफलक असलेला फोन आणला. ज्या ब्लॅकबेरी कंपनीने हा प्रकार जगभर नेला, तिने आपल्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीच बंद केली होती. तरीही बटणांच्या फोनासाठी पैसे मोजणारे लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी ठरलेले मत असे की, ही चाळिशी ओलांडलेल्यांची आठवणींची हौस आहे. या मतात थोडे तथ्य आहे. परंतु एवढ्यावर विषय संपवला, तर त्या बटणाच्या पोटात दडलेले एक अतिशय देखणे यंत्रशास्त्र नजरेआड राहते, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बटणांचे समर्थक वेगाचा दाखला देतात, पण तो फारसा टिकत नाही. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झुरिकची ईटीएच संस्था येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांचे मोबाइलवरील टंकलेखन तपासले, तेव्हा सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्द आणि दोन्ही अंगठे वापरणाऱ्यांचा सुमारे ३८ शब्द निघाला. संगणकाच्या कळफलकावर सर्वसाधारण माणसाचा वेग ५२ शब्दांच्या आसपास असतो. आपल्याकडील शासकीय टंकलेखन परीक्षेचा पहिला टप्पा मिनिटाला ३० शब्दांचा आहे, हे लक्षात घेतले तर काचेवर टाइप करणाऱ्यांना संथ म्हणता येणार नाही. बटणाचे आकर्षण वेगात नसेल, तर ते दुसऱ्या कशात तरी आहे.

माझ्याकडे असा एक जुना फोन कपाटात पडून होता. त्याची बॅटरी फुगल्यामुळे ती कधीच टाकून दिली होती. एका रविवारी मी त्याचे स्क्रू काढले. वरच्या प्लास्टिकच्या कळा एका रबरी चादरीला चिकटलेल्या होत्या. ती सोलून काढल्यावर खाली एक पारदर्शक चिकटपट्टी दिसली आणि तिच्यावर ओळीने मांडलेल्या, लहानशा टिकलीएवढ्या, चकचकीत पोलादी वाट्या. प्रत्येक वाटी पालथी होती, म्हणजे मधोमध किंचित फुगलेली, आणि तिचा पत्रा मानवी केसाइतक्या जाडीचा. दाभणाच्या बोथट टोकाने एका वाटीचा मध्य दाबला, तसा 'टिक्' असा स्वच्छ आवाज आला. मी एकेक करत सगळ्या वाट्या दाबल्या. इतक्या वर्षांनंतरही एकही मुकी झालेली नव्हती.

जत्रेत पत्र्याचा एक बेडूक मिळतो, ज्याच्या पोटातील पट्टी दाबली की तो टिकटिक करतो. गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याच्या फुगलेल्या पत्र्यावर अंगठा रेटला, तर तोही एका क्षणी 'डुप्' करून आत जातो. कळेखालील ती पालथी वाटी, म्हणजे घुमट, याच जातीचा आहे. साधी स्प्रिंग दाबताना आपल्याला शाळेतला हूकचा नियम आठवतो: जितके दाबाल तितका विरोध वाढतो. हा घुमट मात्र सुरुवातीला स्प्रिंगसारखाच विरोध वाढवत नेतो, आणि एका बिंदूनंतर अधिक दाबले गेल्यावर कमी विरोध करू लागतो. असे का व्हावे?

घुमट दाबताना पत्र्याला दोन वेगळे त्रास होतात. एक म्हणजे तो वाकतो. वाकण्याचा विरोध, तुम्ही जितके खाली जाल तितका सरळ प्रमाणात वाढतो. त्यात काही आश्चर्य नाही. दुसरा त्रास अधिक गमतीचा आहे. पालथ्या वाटीची कड जागच्या जागी धरून ठेवली आणि तिचा माथा खाली ढकलला, तर मधल्या पत्र्याला पूर्वीपेक्षा कमी जागेत मावावे लागते आणि तो आडवा चेपला जातो, जसे गर्दीच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा शिरला की सगळेच आखडतात. हे चेपणे सर्वांत जास्त केव्हा असते? पत्रा पूर्ण सपाट होतो तेव्हा. पण नेमके त्याच क्षणी ते सगळे बळ आडव्या दिशेने असते आणि तुमच्या बोटाला वर ढकलण्यासाठी त्यातले काहीही उरत नाही. सपाट अवस्थेच्या किंचित खाली गेले, की तेच बळ दिशा बदलून माथ्याला आणखी खाली खेचू लागते. म्हणजे वाकण्यामुळे येणारा विरोध चढत जातो, तर चेपण्यामुळे येणारा विरोध आधी चढतो, मग उतरतो, शून्य होतो आणि अखेर उलट्या बाजूला जातो. या दोहोंची बेरीज केली की आलेखात एक टेकडी आणि तिच्यामागे एक दरी दिसते.

ही दरी किती खोल असावी, हे पत्र्याच्या जाडीवर आणि फुगवट्याच्या उंचीवर ठरते. शंकूच्या आकाराच्या तबकडीसाठी (तिला फ्रेंच अभियंता बेलव्हिल याच्या नावाने ओळखतात) याचे गणित आल्मेन आणि लास्लो यांनी १९३६ मध्ये मांडले. विरोधी बल हे δ[(h−δ)(h−δ/2)+t²] या राशीच्या प्रमाणात असते. येथे h ही उंची, t ही जाडी आणि δ म्हणजे आपण किती दाबले ते. या राशीचे विकलन करून δ च्या जागी h ठेवले, म्हणजे सपाट अवस्थेतील चढ काढला, तर उत्तर t² − h²/2 येते. म्हणून उंची जाडीच्या √२ पटीहून, म्हणजे सुमारे १.४१ पटीहून कमी असेल, तर दरी पडतच नाही आणि 'टिक्' होत नाही. उंची जाडीच्या २√२ म्हणजे २.८३ पटीहून अधिक असेल, तर दरी इतकी खोल जाते की तबकडी उलटून तशीच राहते आणि बोट उचलल्यावरही परत येत नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती उलटते आणि आपणहून परतही येते. घुमटाचे नेमके आकडे तबकडीपेक्षा वेगळे असतात, शिवाय खालची सर्किटची पाटी त्याला पुरते उलटण्याआधीच अडवते. पण तत्त्व तेच आहे. ज्यांना ही राशी रुक्ष वाटली असेल त्यांनी ती खुशाल सोडून द्यावी. मला मात्र, एका साध्या वर्गसमीकरणातून 'टिक्' होईल की नाही हे ठरते, यासारखा आनंद क्वचितच मिळतो.

निसर्गातही ही युक्ती आहे. व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटकभक्षी वनस्पती आपली फुगीर पाने अशीच उलटवून सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात मिटवते.

आता अंगठा कळेवर ठेवा. दीड-दोनशे ग्रॅम वजनाइतका दाब झाला की टेकडीचा माथा गाठला जातो आणि घुमट काही मिलिसेकंदांत कोसळतो. अंगठ्याच्या स्नायूंना एवढ्या वेळात बळ कमी करता येत नाही, कारण स्पर्शाची वर्दी मेंदूपर्यंत जाऊन आज्ञा परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग सहज उलटतो. त्यामुळे अंगठा अक्षरशः खाली पडतो. पडतो तो जेमतेम पाव मिलिमीटर, पण पडतो. घुमटाचा माथा खालच्या तांब्याच्या ठिपक्याला टेकतो, परिपथ पूर्ण होतो आणि अक्षर उमटते. ज्या घटनेमुळे अक्षर उमटले, तीच घटना बोटाला जाणवलेली असते; दोहोंमध्ये कोणी निरोप्या नसतो.

ही घटना टिपणारी यंत्रणा आपल्या त्वचेत आधीपासून तयार आहे. पाचिनीच्या नावाने ओळखले जाणारे ग्राही (त्वचेतले स्पर्श टिपणारे सूक्ष्म संवेदक) कांद्याप्रमाणे पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना सर्वाधिक दाद देतात. (हेच ते फिलिप्पो पाचिनी, ज्यांनी १८५४ मध्ये कॉलराचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि ज्यांच्याकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.) घुमटाच्या आकस्मिक कोसळण्याने उठणारा धक्का त्यांना चांगलाच जाणवतो. स्थिर दाब आणि कडा ओळखणारे मर्केलचे ग्राही वेगळे, आणि किंचित घसरण टिपणारे माइसनरचे ग्राही वेगळे. ब्लॅकबेरीच्या कळांचे माथे तिरपे कापलेले असत, ते या मर्केल आणि माइसनर मंडळींच्या कामी येत. दोन कळांच्या केंद्रांमधील अंतर सहा-साडेसहा मिलिमीटर, म्हणजे संगणकावरील अंतराच्या एक तृतीयांश; तरीही अंगठ्याला आपण कुठे आहोत हे कडांवरून कळत असे.

येथे काचेची खरी अडचण समोर येते, आणि ती केवळ थरथर न जाणवण्याची नाही. विल्यम बक्स्टन या कॅनडातील संशोधकाने १९९० मध्ये, हाताने वापरायच्या साधनांच्या अवस्था कशा मोजाव्यात, याची एक मांडणी केली. तिच्या आधाराने पाहिले तर कळेला तीन अवस्था आहेत: बोट दूर आहे, बोट टेकले आहे, बोट दाबले आहे. काचेला दोनच कळतात. काचेखालील पारदर्शक विद्युत जाळीतून बोट थोडा विद्युतभार ओढून घेते आणि टेकणे हेच दाबणे ठरते. त्यामुळे अंगठे काचेवर विसावू शकत नाहीत. ते हवेत ताटकळत ठेवावे लागतात आणि त्यांना वाट दाखवण्याचे काम डोळ्यांवर येते. कळफलकावर आधी चाचपून मग दाबता येते. साध्या फोनवरील '५' या आकड्यावरचा उंचवटा याच मधल्या अवस्थेसाठी असतो, आणि त्याच्या भरवशावर बाकाखाली न बघता निरोप पाठवणारी महाविद्यालयीन पिढी आज मुलांना फोन खाली ठेवायला सांगते आहे.

याला 'स्नायूंची स्मृती' म्हणण्याची पद्धत आहे, पण स्नायूंना काही आठवत नसते. सराव साठतो तो मेंदूत, आणि त्यात अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) वाटा मोठा असतो. त्याहून खटकणारा दावा विक्रेत्यांचा आहे. बटणांचा फोन घेतला की फोनचे व्यसन सुटते, मन एकाग्र होते, असे सांगून हे फोन खपवले जातात. त्याच फोनवर तेच व्हॉट्सॲप आणि तीच रील दिसत असताना पाव मिलिमीटर खाली जाणाऱ्या घुमटाकडून मनःशांतीची अपेक्षा करणे हे दंडाला ताईत बांधण्यापेक्षा फार वेगळे नाही.

काचेला 'टिक्' करायला लावण्याचे प्रयत्नही झाले. ब्लॅकबेरीनेच २००८ मध्ये 'स्टॉर्म' या फोनचा संपूर्ण पडदा एका मोठ्या बटणासारखा दाबता येईल असा बनवला. टेकणे आणि दाबणे त्यात वेगळे झाले खरे, पण सगळ्या अक्षरांना मिळून बटण एकच होते. एक अंगठा उचलल्याशिवाय दुसऱ्याचे अक्षर उमटत नसे, आणि दोन अंगठ्यांनी भराभर लिहिणाऱ्याला ते जाचक होते. आजच्या फोनांमध्ये एक छोटी मोटर पोटातले वजन हलवून झटका देते. तो झटका सबंध फोनला बसतो आणि अक्षर नोंदले गेल्यावर मागाहून येतो.

काचेची बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या आयफोनपासून पडद्यावरील कळांची अदृश्य क्षेत्रे पुढच्या संभाव्य अक्षरानुसार लहानमोठी होत आली आहेत. बोट चुकले तरी अक्षर बरोबर पडते ते त्यामुळे. रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला हीच मदत छळते, आणि साध्या 'उद्या'चे काय काय होऊ शकते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु देवनागरीसाठी काच अधिक सोयीची ठरली, कारण तिच्यावरची अक्षरे क्षणात बदलता येतात. खऱ्या कळांवर देवनागरी बसवायची तर भारतीय भाषांसाठी प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट रचना घ्यावी लागेल. तिच्यात मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे 'का', 'की', 'के' लिहिताना हात आलटून पालटून चालतात, म्हणजे दोन अंगठ्यांच्या फोनला ती मुळातच साजेशी आहे. अडचण रुंदीची आहे. फोनच्या कळफलकावर एका ओळीत दहाच कळा मावतात, आणि संगणकावर रोमन अक्षरांच्या उजवीकडे ज्या विरामचिन्हांच्या कळा असतात, त्यांवर इनस्क्रिप्टने ड, च, ट आणि य ही अक्षरे ठेवलेली आहेत. ती वगळून मराठी लिहू गेल्यास 'चटणी' हा शब्दसुद्धा उमटणार नाही.