पुरात पाहुण्यांकडे जाताय? पंचनाम्यातून नाव गळू देऊ नका

कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराची इशारा पातळी, ४३ ला धोका. करवीर-शिरोळच्या नदीकाठी हे पोरासोरांनाही पाठ असतं. स्थलांतराची सूचना आली की काही जण शाळेतल्या निवारा केंद्रात जातात, काही पाहुण्यांकडे. मदतीच्या यादीतून गळतात ते हे दुसरे.

केंद्रात उतरलेल्याचं नाव रजिस्टरला चढतं. पाहुण्यांकडे गेलेल्याच्या दाराला कुलूप असतं, आणि तलाठी (आता म्हणे 'ग्राम महसूल अधिकारी', पाटी बदलली, काम तेच) पंचनाम्याला आले की कुलपाला काय विचारणार? म्हणून निघताना किती माणसं, कुठल्या गावी, कोणता मोबाइल नंबर, एवढं ग्रामपंचायतीत लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पाणी उतरताच घरचं एक माणूस माघारी धाडा. भिंतीवरची गाळाची रेघ पंचनाम्याआधी धुऊ नका. धुवावीच लागली तर दारासकट फोटो काढून ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन दिवसांचा. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये, दर कुटुंबाला. त्यासाठी घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असायला हवं. पाणी घरात किती दिवस होतं ते मोजतात, तुम्ही घराबाहेर किती दिवस होता ते नाही! आठवडाभर केंद्रात काढला, पण पाणी उंबऱ्यापर्यंतच आलं, तर ही रक्कम मिळत नाही. राज्य सरकार कधी जास्त देतं, अटी बदलतं. त्या पुराचा शासन निर्णय बघा.

भाडेकरूंचे हाल वेगळेच. घरपट्टी मालकाच्या नावावर, आणि भाडेकरार कुणी केलेला असतो? भांडी मात्र भाडेकरूचीच बुडालेली असतात. त्या पत्त्याचं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मालकाचं सहीचं पत्र, जे असेल ते पुढे करा आणि पंचनाम्यात स्वतःचं नाव लिहून घ्या. एका रेशनकार्डावर दोन भावांच्या दोन चुली असतील तर तेही तिथेच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही.

ज्यांनी महिनाभर पाहुणे सांभाळले, त्यांच्यासाठी या निकषांत वेगळी रक्कम नाही. कुणी फॉर्म भरतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

बाकी लागतं ते आधार कार्ड आणि त्याला जोडलेलं, बंद न पडलेलं बँक खातं. यादी चावडीवर लागली की स्वतः वाचा. नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत, सोबत ग्रामपंचायतीची ती पोच.