सार्वजनिक कला शुल्कातून फूड बँकेला सूट: कॅलिफोर्नियातील पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कॅलिफोर्नियातील अनेक शहरांमध्ये नव्या खासगी बांधकामाच्या खर्चातील ठरावीक हिस्सा सार्वजनिक कलाकृतीवर खर्च करावा लागतो किंवा शहराच्या कला निधीत भरावा लागतो. ओकलंडमध्ये २,००० चौरस फूट वा त्याहून मोठ्या अनिवासी बांधकामासाठी हा हिस्सा १ टक्का आहे, तर लॉस एंजेलिसमध्ये ५ लाख डॉलरपर्यंतची बांधकामे कला शुल्कातून मुक्त आहेत. फूड बँकेला, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, गोदामाबरोबर शीतगृहही बांधावे लागते. प्रकल्प २ कोटी डॉलरचा असेल, तर १ टक्क्याने २ लाख डॉलर होतात. अशी अटच बेकायदा असल्याचा युक्तिवाद सहसा टिकत नाही, कारण कल्व्हर सिटी या कॅलिफोर्नियातील शहराच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कला शुल्क वैध ठरवले आहे.

संस्थेला अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकर कायद्यातील धर्मादाय संस्थांसाठीच्या कलम ५०१(सी)(३) खाली प्राप्तिकरातून सूट आहे, म्हणून कला शुल्कही आपोआप माफ होते, हा समज चुकीचा आहे. ती सूट केंद्र सरकारच्या कराची असते; शहराचा अध्यादेश धर्मादाय संस्थांना वगळतो की नाही, हे त्या अध्यादेशातच पाहावे लागते. तशी तरतूद असल्यास नियोजन विभागाकडे अर्ज पुरेसा ठरू शकतो. नसल्यास नगर परिषदेकडे अध्यादेशात दुरुस्ती मागावी लागते, आणि ती मागणी एकाच संस्थेपुरती न ठेवता मोफत अन्नवाटप करणाऱ्या सर्व ना-नफा संस्थांसाठी करणे अधिक योग्य, कारण एकाच अर्जदारासाठी केलेला अपवाद पक्षपातासारखा दिसतो.

अर्जासोबत केंद्रीय करमुक्तीचे पत्र, राज्य फ्रँचाइझ टॅक्स बोर्डाचे (राज्याच्या कर विभागाचे) करमुक्तीचे पत्र, धर्मादाय नोंदणी चालू असल्याचा पुरावा, अलीकडचे फॉर्म ९९० (करमुक्त संस्थांचे वार्षिक) विवरणपत्र, जागेचे खरेदीखत किंवा भाडेकरार, वास्तुविशारदाचा आराखडा व खर्चाचा अंदाज आणि अर्ज करण्याचा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव जोडावा. आराखड्यात गोदाम, वाटप केंद्र आणि कार्यालय यांचे क्षेत्रफळ वेगवेगळे दाखवावे. इमारतीचा काही भाग भाड्याने द्यायचा असेल, तर तो लपवू नये, कारण सूट केवळ धर्मादाय वापरापुरती मिळण्याची शक्यता असते.

निवेदनात सर्वाधिक काळजी सार्वजनिक हेतू मांडताना घ्यावी. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदातील कलम ६ सार्वजनिक निधी देणगी म्हणून देण्यास मनाई करते. म्हणून शुल्कमाफीमुळे शहरातील रहिवाशांना नेमका कोणता लाभ होईल, हे नगर परिषदेच्या ठरावात नोंदवले जाईल याची खात्री करावी. स्थानिक कलावंतांचा विरोध होऊ शकतो आणि तो अवाजवी नसतो, कारण त्यांच्या निधीतूनच ही रक्कम कमी होते. गोदामाची बाहेरची भिंत भित्तिचित्रासाठी उपलब्ध करून देण्याची तयारी असल्यास ती अर्जातच लिहावी.

परिषदेच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी प्रसिद्ध होते आणि त्या विषयावर नागरिकांना बोलता येते. स्वतःची सनद नसलेल्या, राज्याच्या सामान्य कायद्यानुसार चालणाऱ्या शहरांत अध्यादेश मांडल्यापासून मंजुरीपर्यंत किमान ५ दिवस जावे लागतात, आणि मंजुरीनंतर साधारणपणे ३० दिवसांनी तो लागू होतो. कला शुल्क बहुधा बांधकाम परवान्याच्या वेळी आकारले जात असल्याने अर्ज त्याआधी काही महिने करावा. एकदा भरलेली रक्कम परत मिळेल असे गृहीत धरू नये.